पाणसळ

न्हाणीघरातली चौथी ओळ वाकली होती.
मीच बसवलेली, एकोणीसशे ब्याऐंशीत,
एर्सिलियाच्या पोटात थोरली होती तेव्हा.

आधी राग आला.
म्हटलं, बेल्मिरो, सगळ्या ओव्हार गावच्या भिंती चढवल्यास
आणि तुझ्याच घरात तुझंच काम फुगलं.
माळ्यावरून पाणसळ काढली, टाइलला टेकवली.
बुडबुडा दिसेना. जिथे बघावं तिथेच धूसर डाग.
नातवाला हाक मारली.
डिनिस म्हणाला, "बरोब्बर मध्ये आहे, आजोबा."
मग ओळंबा सोडला.
ओळंब्याची दोरीही वाकडी.

ताणलेली दोरी खोटं बोलत नाही,
चाळीस वर्षं पोरांना मी हेच शिकवलं.

आवेइरोच्या इस्पितळात डॉक्टर लुडोव्हिनांनी
चौकटींचा कागद दिला, मधोमध एक टिंब.
मला हसू आलं. बाई, जन्मभर दुसरं काय बघितलं मी?
डाव्या डोळ्यानं रेषा सरळ होत्या, पण फिकट, मध्ये पुसट.
मग डावा झाकला,
आणि टिंबाभोवतीचं काम
कुणा शिकाऊ पोरानं दुपारची वाइन पिऊन केल्यासारखं.

त्या सांगू लागल्या: वयामुळे होतं,
पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या उगवल्यात,
नाजूक, झिरपणाऱ्या, त्या पडद्याला उचलतात...
मी म्हटलं, ओल.
त्या थांबल्या.
भिंतीत ओल आली की टाइल मागून सुटते, डॉक्टर,
पुढून चकचकीतच असते.
"हो," त्या म्हणाल्या, "ओलच."
तिथून आमचं जमलं.

उजवा ओला. डावा कोरडा, सावकाश विरणारा.
कोरड्याला सुई नाही.
त्याला गोळ्या, हिरवा पाला,
आणि फ्रिजवर चिकटवलेला तोच कागद, रोज सकाळी, कॉफीच्या आधी.
सिगारेट बंद.
हे एर्सिलिया तीस वर्षं सांगत होती, फुकटात.

डोळ्यात तेल घालून काम कर, बाप म्हणायचा.
आता औषध घालतात, सुईनं,
आधी दर चार आठवड्यांनी, मग सहा, आता आठ.
बधिर करायचे थेंब. मग आयोडीनचं तपकिरी पाणी,
ते झोंबतं, सुईपेक्षा जास्त.
पापण्यांना चिमटा. वर बघा, डावीकडे.
मी छताचा सांधा शोधतो.
एक दाब. एवढंच.
घरी येताना डोळ्यात एखादा काळा गोल तरंगतो;
वाटतं, पाणसळीतला बुडबुडा सुटून इथे आला.

बरं होणार का, विचारलं होतं.
"आहे ते राखू," म्हणाल्या.
ओलीशी भांडणाऱ्या माणसाला एवढं उत्तर पुरतं.

एर्सिलियाचं खुब्याचं हाड मोडलं त्या हिवाळ्यात
मी दोन खेपा चुकवल्या.
तक्त्यावरच्या दोन ओळी गेल्या.
एक परत आली.
डॉक्टर ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं.

पत्त्यांत राजा आणि गुलाम आता सारखेच, बिनचेहऱ्याचे.
अमादेउ पानं मोठ्यानं सांगतो,
मधूनच खोटं सांगतो.
मी चालू देतो.

एर्सिलियाकडे सरळ बघितलं तर ती नसते.
कानातल्या कुडीकडे बघितलं
की कडेनं तिचं हसू येतं.
लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाल्यावर
चोरून बघायला शिकलो.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
मासळीबाजाराच्या भिंतीत एक टाइल मी तिरपी बसवली होती,
एकोणऐंशीत, शनिवारी, घाईत.
येता-जाता ती मला टोचायची. दुसऱ्या कुणालाच दिसली नाही.
काल तिथे उभा राहिलो बराच वेळ.
सगळ्याच वाकड्या.
ती कुठली, सापडेना.
मग बोट फिरवत गेलो,
सांधा, टाइल, सांधा, टाइल,
आणि मासे निवडणारी बाई म्हणाली,
काका, काही हरवलंय का?